मज्जेंतील पाठभेद

एखाद्या घरांत ल्युकेमियाचें नांव पहिल्यानें उच्चारलें जातें, तेव्हां त्या घरांतील माणसांच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो: ‘कालपरवांपर्यंत तर कांहींच नव्हतें!’ रोग आभाळांतून कोसळला, अशी भावना त्या उद्गारांत असते. ती स्वाभाविक आहे. परंतु ती नेहमींच खरी असते असें नाहीं. कांहीं ल्युकेमिया खरोखरच थोड्या आठवड्यांत डोकें वर काढतात. पण उतारवयांत होणाऱ्या कित्येकांच्या मागें अस्थिमज्जेच्या जुन्या विकारांची वर्षानुवर्षांची पूर्वपीठिका असते. आणि त्या विकारांच्याहि मागें एखाद्या पेशींत घडलेली, कोणाच्याहि लक्षांत न आलेली, एक लहानशी चूक असते. इतिहास म्हणजे केवळ राजांच्या स्वाऱ्या आणि तहनामे नव्हेत, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. हाडांच्या पोकळींतहि इतिहास घडतो, तो लिहिलाहि जातो, आणि गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तो वाचण्याची विद्या मनुष्यानें हस्तगत केली आहे. त्या वाचनाची हकीकत सांगावी, आणि तींत महाराष्ट्राचा व विशेषतः अहमदनगर जिल्ह्याचा (ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें) संबंध कोठें येतो तें दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ याच जिल्ह्यांतील नेवाशापासून करूं. प्रवरेच्या कांठच्या या गांवीं ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. छापखाना नव्हता, नकलेवरून नक्कल, आणि त्या नकलेवरून पुन्हां नक्कल, असा ग्रंथाचा प्रवास चालला. नक्कल करणारा कितीहि श्रद्धाळू असला तरी त्याचा हात मनुष्याचाच. कोठें एखादें अक्षर गळे, कोठें एखादी ओळ दुबार पडे, कोठें अनोळखी जुना शब्द जाऊन त्या जागीं ओळखीचा शब्द येई. पुढील नक्कल करणारा ती चूक इमानानें उतरवून घेई आणि तींत आपली एक भर घाली. तीन शतकें लोटलीं, आणि एकनाथांस शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, निरनिराळ्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पुढें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति हातीं घेतली, तेव्हां डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या पंडितांनीं अशाच चुकांपासून एक शास्त्रशुद्ध साधन घडविलें. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच पूर्वज पोथीपासून निघाल्या असल्या पाहिजेत. आणि जी चूक पुष्कळ पोथ्यांत सांपडते ती जुनी, जी एखाद-दुसऱ्या पोथींत सांपडते ती अलीकडची. अशा रीतीनें चुकांवरूनच पोथ्यांची वंशावळ मांडतां येते. वाचकांनीं ही रीत ध्यानांत ठेवावी; ती पुढें जशीच्या तशी उपयोगास येणार आहे.

आतां पोथीकडून मज्जेकडे वळूं. आयुर्वेदानें रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा व शुक्र असे सात धातु सांगितले, आणि त्या क्रमांत रक्ताचें स्थान मज्जेच्या बरेंच आधीं ठेवलें. युरोपांतहि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रक्त कोठें तयार होतें याविषयीं निश्चिति नव्हती. १८४५ सालीं एडिंबरो येथें जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथें रुडॉल्फ व्हिर्शो या दोघांनीं, पांढऱ्या पेशींनीं भरून गेलेल्या रक्ताचे रुग्ण वर्णिले. व्हिर्शोनें १८४७ मध्यें त्या रोगास ‘ल्युकेमिया’, म्हणजे ‘पांढरें रक्त’, असें नांव दिलें. पण त्या पेशी येतात कोठून? १८६८ सालीं अर्न्स्ट नॉयमान या जर्मन व जुलिओ बिझोझेरो या इटालियन शास्त्रज्ञांनीं रक्ताचा उगम हाडांच्या आंतील मज्जेंत असल्याचें दाखविलें. ल्युकेमियाचें माहेर त्यामुळें सांपडलें.

या मज्जेचा व्याप थक्क करणारा आहे. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते; म्हणून निरोगी मनुष्याच्या मज्जेस दररोज सुमारें २०० अब्ज नव्या तांबड्या पेशी निर्माण कराव्या लागतात, आणि पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणाऱ्या बिंबिका त्या निराळ्याच. या साऱ्या प्रजेचें मूळ थोड्याशा मूलपेशींत असतें. प्रत्येक मूलपेशीजवळ सुमारें तीन अब्ज अक्षरांचा जनुकग्रंथ असतो, तोहि दोन प्रतींत, एक मातेकडून आलेली व एक पित्याकडून आलेली. पेशी दुभंगली कीं सबंध ग्रंथाची नक्कल व्हावयाची. चुका दुरुस्त करणारी यंत्रणा पेशींत आहे आणि ती अत्यंत दक्ष आहे. तरीहि एका मूलपेशींत वर्षाकांठीं सुमारें पंधरा-वीस चुका कायमच्या राहून जातात. यांनाच शास्त्रज्ञ ‘उत्परिवर्तनें’ म्हणतात. ग्रंथ एवढा अवाढव्य कीं बहुतेक चुका निरुपद्रवी जागीं पडतात. तुमच्याआमच्या मज्जेंत अशा हजारों चुका या क्षणीं आहेत, आणि त्यांवांचून आपलें कांहींहि अडलेलें नाहीं.

परंतु क्वचित् चूक भलत्या जागीं पडते. ‘जॅक-२’ नांवाचें एक जनुक आहे. रक्तपेशी वाढवा, असा शरीराचा हुकूम मूलपेशींपर्यंत पोंचविणें हें त्याच्या प्रथिनाचें काम. २००५ सालीं युरोप व अमेरिकेंतील निरनिराळ्या शास्त्रज्ञमंडळांनीं जवळजवळ एकाच वेळीं असें दाखविलें कीं, तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याचा जो ‘पॉलिसायथेमिया व्हेरा’ नांवाचा मज्जाविकार आहे, त्याच्या बहुतेक सर्व रुग्णांत या जनुकांतील एक अक्षर बदललेलें असतें. त्यामुळें प्रथिनाच्या ६१७ व्या स्थानीं व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजीं फेनिलअॅलनीन येतें. हुकूम आलेला नसतांहि तो आलाच आहे असें पेशी मग धरून चालते, आणि वाढत राहते. विल्यम डॅमेशेक या अमेरिकन वैद्यानें १९५१ सालींच हा विकार आणि त्याचीं भावंडें यांचें मूळ एक असावें असें अनुमान केलें होतें. त्या अनुमानाचा पुरावा हातीं येण्यास चौपन्न वर्षें लागलीं.

दुसरा विकारसमूह याच्या उलट स्वभावाचा. त्यांत मज्जा पेशींनीं भरलेली असते, पण त्या पेशी अर्धवट घडलेल्या व विद्रूप. बाहेरच्या रक्तांत मात्र टंचाई. कारखाना रात्रंदिवस चालावा आणि बाजारांत माल येऊं नये, तसें हें होतें. मनुष्य पांढुरका पडतो, जिना चढतांना धापा टाकतो, लोहाच्या गोळ्यांनीं त्यास कांहीं गुण येत नाहीं. जुने वैद्य यास हट्टी रक्तक्षय म्हणून सोडून देत. कांहींजण पुढें ल्युकेमियानें दगावत, म्हणून ‘ल्युकेमियाची पूर्वावस्था’ असेंहि नांव रूढ झालें. १९८२ सालीं फ्रेंच, अमेरिकन व ब्रिटिश तज्ज्ञांच्या मंडळानें या समूहाची रीतसर वर्गवारी केली. त्यास ‘मायलोडिस्प्लास्टिक विकार’ म्हणतात. त्यांतील सुमारें एकतृतीयांश रुग्णांत पुढें तीव्र ल्युकेमिया उद्भवतो. २०११ सालीं या विकारांत ‘एस. एफ. ३ बी १’ नांवाच्या जनुकांतील बिघाड सांपडला. ज्यांत तो बिघाड एकटा असतो, ते रुग्ण पुष्कळदां बरींच वर्षें काढतात. उलट ‘टी. पी. ५३’ हें जनुक पेशीच्या ग्रंथाचें जणूं रक्षक. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर रोग झपाट्यानें पुढें सरकतो. सूक्ष्मदर्शकाखालीं दोघे रुग्ण सारखेच दिसतील, परंतु आंतला पाठ निराळा, म्हणून पुढची कथाहि निराळी.

आतां ती पोथ्यांची रीत येथें कशी लागूं पडते तें पाहा. एकाच रुग्णाच्या मज्जेंतील शेंकडों पेशींचे ग्रंथ वाचून ताडले, तर जी चूक सर्व रोगट पेशींत सांपडते ती आद्य. जी थोड्यांत सांपडते ती नंतरची. वर्षाकांठीं किती चुका सांचतात हें ठाऊक असल्यानें अदमासानें कालहि ठरवितां येतो. या मार्गानें जाऊन २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें असें दाखविलें कीं, पन्नाशी-साठींत ज्यांचा विकार उघडकीस आला, अशा रुग्णांपैकीं कांहींच्या मज्जेंत ‘जॅक-२’ ची चूक बालपणीं, किंबहुना जन्मापूर्वीं, घडलेली होती. आद्य चूक आणि रोगनिदान यांमधील अंतर सरासरी तीस वर्षांचें भरलें. त्या तीस वर्षांत त्या पेशीचा वंश हळूहळू वाढत होता. मग त्यांत दुसरी चूक पडली, कोणाच्या तिसरी पडली. आणि शेवटीं ज्या वंशानें परिपक्व होण्याचेंच सोडून दिलें, त्यास आपण ल्युकेमिया म्हणतों. ‘कालपरवांपर्यंत कांहींच नव्हतें’ या उद्गाराचें उत्तर हें असें आहे.

या विद्येचा पाया मात्र आणखी एका मज्जाविकारानें घातला. ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ हा प्रथम कांहीं वर्षें संथ चालतो आणि उपाय न झाल्यास तीव्र रूप धारण करतो. १९६० सालीं फिलाडेल्फिया शहरीं पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांस या रुग्णांच्या पेशींत एक आंखूड गुणसूत्र आढळलें. १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट रॉली या विदुषीनें त्याचा उलगडा केला: नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनीं आपले तुकडे आपसांत बदलले होते, जणूं दोन पोथ्यांचीं पानें एकमेकींत बांधलीं गेलीं. त्या चुकीच्या सांध्यावर एक नवेंच, उच्छृंखल प्रथिन तयार होतें. तें प्रथिन रोखणारें ‘इमॅटिनिब’ नांवाचें औषध २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि पूर्वीं ज्या रोगांत मोजकीं वर्षें हातीं असत, त्यांत आतां रोज गोळी घेऊन पुष्कळ रुग्ण जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात. पण प्रश्न पैशाचा होता. परदेशी कंपनीच्या औषधास महिन्याकांठीं लाखाच्या वर रुपये पडत. आमच्या देशांतील कारखाने तेंच औषध त्याच्या दशांश किंमतींत देत. १ एप्रिल २०१३ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें नोव्हार्टिस कंपनीचा एकाधिकाराचा दावा फेटाळला. शोध प्रयोगशाळेंत लागतो. तो गरिबाच्या उशाशीं पोंचण्यास न्यायासनाचीहि गरज पडते, असा याचा बोध आहे.

या साऱ्या इतिहासांत मुंबईचें स्थान दूरच्या प्रेक्षकाचें नाहीं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ सालीं इंग्लंडांतील वास्तव्यांत, वेल्स प्रांतीं, ल्युकेमियानें निवर्तल्या. त्या काळीं या रोगावर कोणाजवळच औषध नव्हतें. संपत्तीहि तेथें निरुपाय होती. सर दोराबजींनीं पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ सालीं लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, आणि त्याचा मुख्य उद्देश ल्युकेमियाचें संशोधन हाच ठेवला. त्याच वर्षीं तेहि वारले. पण या निधीचा लाभ केवळ हिंदुस्थानासच नव्हे, तर जगभरच्या संशोधकांस होत आला आहे. एका मृत्यूचें दुःख एका घराण्यानें असें साऱ्या जगाच्या कामीं लावलें. त्याच टाटांच्या विश्वस्त निधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळास टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली, आणि १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें तेव्हां त्याचेहि ते पहिले संचालक झाले. याच रुग्णालयांत १९८३ सालीं डॉ. सुरेश अडवाणी यांनीं मज्जारोपण यशस्वी करून दाखविलें. मज्जारोपण म्हणजे बिघडलेली प्रत बाजूस सारून दुसऱ्याच्या मज्जेंतील निर्दोष प्रत आणून बसविणें. ल्युकेमियाकडे झुकणाऱ्या मज्जाविकारांवर मुळापासून बरें करणारा उपाय बहुतांशीं आजहि हाच आहे, आणि तो सर्वांस सोसणारा नाहीं.

खानोलकरांच्या शिष्यवर्गांतील एक नांव आम्हांस येथें मुद्दाम घ्यावयाचें आहे. कमल रणदिवे, पूर्वाश्रमींच्या समर्थ, यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. हुजूरपागा, फर्ग्युसन कॉलेज, मग पुण्याच्या शेतकी कॉलेजांत सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास, अशा वाटेनें त्या खानोलकरांकडे आल्या. १९४९ सालीं डॉक्टरेट मिळाल्यावर त्यांनीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्यापाशीं शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या शिकून घेतली, आणि परत येऊन मुंबईच्या केंद्रांत तिची प्रयोगशाळा उभारली. उंदरांचे खास वंश जोपासून कर्करोगाची प्रवृत्ति, अंतःस्राव आणि विषाणु यांचे संबंध त्यांनीं तपासले. ल्युकेमियाच्या कारणांचा विचारहि त्यांच्या कार्यांत येतो. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती त्यांच्या उत्तरायुष्यांतील एक गोष्ट. अहमदनगर जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशींत अकोलें तालुका आहे; भंडारदऱ्याचें धरण तेथेंच. महादेव कोळी व ठाकर यांच्या त्या वाड्यावस्त्यांवर ‘सत्यनिकेतन’ या संस्थेच्या सहकार्यानें त्यांनीं आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, आणि भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या वतीनें खेड्यांतील स्त्रियांस आरोग्य व आहार यांविषयीं मार्गदर्शन केलें. पेशीच्या अंतरंगांत आयुष्य घालविलेल्या विदुषीस अखेर मुलांच्या ताटांत काय पडतें हें पाहावेंसें वाटलें.

या दोन कार्यांत वरवर कांहीं संबंध दिसत नाहीं. वस्तुतः तो फार निकटचा आहे. आमच्या खेड्यांत व शहरांत पांढुरकेपणा इतका सर्रास आढळतो कीं, तो आजार आहे हेंच कोणी मानीत नाहीं. शंभरांतील बहुतेकांचा रक्तक्षय अन्नांतील लोहाच्या उणीवेचा असतो, आणि योग्य आहार-औषधानें तो जातो. शाकाहारी घरांत आणखी एक उणीव वारंवार आढळते, ती ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची. तिनें मज्जेंतील पेशी इतक्या विद्रूप होतात कीं, निष्णात डोळ्यांसहि क्षणभर त्या मायलोडिस्प्लास्टिक वाटाव्या. म्हणून तो विकार ठरविण्यापूर्वीं ही उणीव नाहीं ना, हें पाहणें वैद्यांचें पहिलें कर्तव्य होय. परंतु याची दुसरी बाजूहि आहे. साठी उलटलेल्या वडिलांचा अथवा आजीचा पांढुरकेपणा लोह आणि जीवनसत्त्वें देऊनहि हटत नाहीं, पांढऱ्या पेशी व बिंबिकाहि उतरूं लागतात, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठतात, तेव्हां ‘वयच झालें’ म्हणून गप्प बसणें बरें नव्हे. टॉनिकच्या बाटलीवर बाटली आणण्यांत जीं दोन-तीन वर्षें जातात, तींच पुष्कळदां मौल्यवान असतात. रक्ताची साधी तपासणी आज तालुक्याच्या गांवींहि होते. प्रश्न फक्त ती वेळीं करण्याचा आणि जुने कागद जपून ठेवण्याचा आहे. पांच वर्षांपूर्वींचा तो चिटोरा मज्जेच्या इतिहासांतील अस्सल दस्तऐवज असतो.

आणखी एका गैरसमजाविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. जनुकांचें नांव निघालें कीं, ‘मग हा रोग घराण्यांतला’ असा तर्क केला जातो, आणि त्याची झळ मुलींच्या सोयरिकीपर्यंत पोंचते. हा तर्क बहुतेक ठिकाणीं साफ चुकीचा आहे. वर सांगितलेल्या चुका जन्मानंतर, किंवा फार तर गर्भांत असतांना, एका मज्जापेशींत घडतात. त्या बापाकडून मुलाकडे जात नाहींत. मज्जा म्हणजे बीज नव्हे. ‘रन्क्स-१’, ‘गाटा-२’ यांसारख्या कांहीं जनुकांतील बिघाड थोड्या कुटुंबांत खरोखर वंशपरंपरेनें चालतात, हें खरें. अशा घरांत मज्जारोपणासाठीं भावंड निवडतांना त्याचीहि तपासणी करावी लागते. पण अपवादावरून नियम करून एखाद्या कुटुंबास दूषण देणें हें अज्ञानाचें आणि निर्दयपणाचें लक्षण होय.

तसेंच, चूक सांपडली म्हणजे विधिलिखित ठरलें, असेंहि नाहीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहण्यांतून आढळून आलें कीं, सत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसांपैकीं सुमारें दहांतील एकाच्या रक्तांत अशा बदललेल्या पेशींचा वंश असतो, आणि त्यांपैकीं रक्ताचा कर्करोग वर्षाला शंभरांत सुमारें एकासच, किंवा त्याहूनहि कमी जणांस, होतो. बहुतेकजण ती चूक सोबत घेऊन आपलें आयुष्य पुरें करतात. एवंच, रोगाच्या पूर्वेतिहासाचें ज्ञान हें भय वाढविण्यासाठीं नाहीं; कोणावर केवळ लक्ष ठेवावयाचें आणि कोणास वेळ न दवडतां उपचार द्यावयाचे, हें ठरविण्यासाठीं तें आहे.

नेवाशास आजहि तो खांब दाखवितात, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनीं आपली टीका सांगितली असें भाविक मानतात. त्या ग्रंथाची मूळ प्रत आज कोणाजवळच नाहीं. तरीहि नकलांतील चुका चिकाटीनें ताडणाऱ्यांच्या श्रमांमुळें तिच्या जवळपास जातां येतें. मज्जेच्या ग्रंथाची चिकित्सा करणारेहि असेच निघाले आहेत. त्यांस अजून पाठ सर्वस्वीं शुद्ध करतां येत नाहीं. पण अशुद्ध कोठें व केव्हां शिरलें हें बऱ्याच ठिकाणीं सांगतां येतें. ज्या रोगापुढें १९३१ सालीं हिंदुस्थानांतील एक मोठें घराणें हताश झालें, त्याच्या कांहीं प्रकारांस आज एखादी गोळी थोपवून धरते. उरलेल्या प्रकारांसाठीं घरोघरच्या माणसांनीं करण्याजोगें काम एवढेंच कीं, आपल्या वृद्धांचा थकवा त्यांनीं वयाच्या खातीं घाईनें जमा करूं नये.